वाचकांचे प्रश्न : हीट शॉक प्रथिने, कर्करोग आणि घरातला वाफारा

गेल्या दोन महिन्यांत एकाच विषयावर चार पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्या चौघांसाठीच ठेवले आहे. आरंभीच एक सांगून ठेवतो. मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नाही. कोल्हापुरात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली. त्यामुळे पेशीत काय घडते ते मी सांगू शकतो. उपचारात काय करावे हा निर्णय ज्यांनी रुग्णाला तपासले आहे त्या कर्करोगतज्ज्ञांचाच आहे.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला आहे. रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. शस्त्रक्रिया झाली, आता केमोथेरपी चालू आहे. उष्णतेने अंगात हीट शॉक प्रोटीन तयार होते आणि ते प्रतिकारशक्तीला कर्करोग ओळखायला शिकवते, असे भाच्याने मोबाइलवर वाचले. तेव्हापासून आक्काला रोज कढत पाण्याची आंघोळ आणि वर वाफारा सुरू आहे. तिला ते सोसत नाही, पण भाचा ऐकत नाही. याचा खरेच उपयोग होतो का?
– एक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी व्यवहाराचे बोलू. कढत आंघोळ आणि वाफारा आजच थांबवा. केमोथेरपीच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि अशा वेळी ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो जंतुसंसर्गाचा इशारा समजून तत्काळ रुग्णालयाला कळवायचे असते. वाफारा घेऊन तापलेल्या अंगाला थर्मामीटर लावला, तर खरा ताप कोणता आणि वाफेचा कोणता हे कळणार नाही. शिवाय केमोच्या काही औषधांनी हातापायांची बोटे बधिर होतात, पाणी किती कढत आहे याची जाणीवच राहत नाही आणि भाजल्यावर उशिरा समजते. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली त्या काखेतील गाठी काढल्या असतील, तर तो हात शेकू नये असेही डॉक्टर बजावतात. आक्कांना सोसत नाही हे त्यांचे म्हणणे भाच्याच्या मोबाइलपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

आता भाच्याने वाचलेल्या गोष्टीकडे वळू, कारण ती निखालस खोटी नाही, अर्धी आहे. ‘हीट शॉक’ हे नाव अपघाताने पडले. १९६० च्या सुमारास फेरुच्चो रितोसा नावाचा इटालियन शास्त्रज्ञ फळमाश्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे पाहत होता. प्रयोगशाळेतील उबवणीयंत्राचे तापमान कुणीतरी वाढवून ठेवले आणि गुणसूत्रांवर नेहमीच्या जागा सोडून भलत्याच ठिकाणी फुगवटे दिसू लागले. त्याने ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्या जागी असलेल्या जनुकांपासून कोणती प्रथिने बनतात हे कळायला १९७४ साल उजाडले. पुढे ध्यानात आले की केवळ उष्णतेनेच नव्हे, तर प्राणवायू कमी पडणे, आम्लता वाढणे, साखर न मिळणे, विषारी द्रव्ये अशा कोणत्याही हालअपेष्टेत ही प्रथिने वाढतात. म्हणून मराठीत कुणी त्यांना ‘उष्माघात प्रथिने’ म्हणतात ते मला रुचत नाही. वाचणाऱ्याला उन्हात चक्कर येऊन पडलेला माणूसच आठवतो.

त्यांचे काम समजायला आपला फेटा पुरेसा आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती नेमक्या घडीत बसली तरच कामाला येते, नाहीतर नुसते कापड. लग्नघरी फेटे बांधायला एक जाणकार बोलावतात. तो पीळ देतो, पदर बसवतो, तुरा काढतो आणि पुढच्या डोक्याकडे वळतो. बांधलेल्या फेट्यात तो स्वतः राहत नाही. वारा सुटला, धावपळ झाली की सुटलेले फेटे पुन्हा बांधायलाही तोच लागतो. पेशीत हे काम हीट शॉक प्रथिने करतात. त्यांना वजनाप्रमाणे नावे दिली आहेत : एचएसपी २७, ६०, ७०, ९० वगैरे. हे आकडे किलोडाल्टनमधले आहेत.

कर्करोगाच्या गाठीत नेहमीच वारा सुटलेला असतो. गाठ वाढते तसे आतल्या पेशींना रक्त पुरत नाही, प्राणवायू कमी पडतो, आणि जनुकांतील बिघाडांमुळे वेड्यावाकड्या घडीची प्रथिने भराभर तयार होत राहतात. निरोगी पेशी एवढ्या गोंधळात मरून गेली असती. कर्करोगाची पेशी मात्र फेटे बांधणाऱ्यांची फौज वाढवते आणि तगते. ही फौज उभी करणाऱ्या कळीच्या प्रथिनाला एचएसएफ १ म्हणतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठी कमी झाल्याचे आढळले. तुमच्या आक्कांच्या रिपोर्टवरील ‘हर-टू’ हे, पेशीला वाढायला सांगणारे, प्रथिनही स्वतःच्या बळावर नीट उभे राहत नाही. एचएसपी ९० ने त्याला सतत धरून ठेवावे लागते. याच कारणाने एचएसपी ९० ला रोखणारी औषधे शोधण्यात संशोधकांनी वर्षे घातली. जेल्डानामायसिन या जिवाणूजन्य द्रव्यापासून सुरुवात झाली. पुढे बऱ्याच औषधांच्या चाचण्या झाल्या, त्यांतील पुष्कळशा दुष्परिणामांमुळे किंवा अपुऱ्या गुणामुळे मागे पडल्या, आणि पिमिटेस्पिब या औषधाला २०२२ मध्ये जपानमध्ये जठर-आतड्यांच्या एका विशिष्ट गाठीसाठी मान्यता मिळाली. म्हणजे पाहा, भाचा जे वाढवायला निघाला आहे, तेच कमी करण्यासाठी औषधे शोधली जात आहेत.

मग प्रतिकारशक्तीला शिकवण्याची गोष्ट कुठून आली? ती खरी आहे, पण ती पेशीच्या बाहेर पडलेल्या प्रथिनांची आहे. तिचे सविस्तर उत्तर खालच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात येईल. इथे एवढेच की, दोन बादल्या कढत पाण्याने कातडी लाल होते, घाम येतो. शरीराच्या आतले तापमान मात्र मेंदूतील नियंत्रण केंद्र ३७ अंशांच्या जवळपास राखतेच. गाठीपर्यंत ती उष्णता पोहोचत नाही.

उष्णतेचा उपचार म्हणून खराखुरा वापर होतो, हेही भाच्याला सांगा, नाहीतर तो दुसरीकडे वाचेल आणि मला खोटे ठरवेल. हायपरथर्मिया या पद्धतीत यंत्राच्या साहाय्याने गाठीचा भाग सुमारे ४० ते ४३ अंशांपर्यंत तापवतात आणि जोडीला रेडिएशन किंवा केमो देतात. नेदरलँड्समधील एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत गर्भाशयमुखाच्या बऱ्याच वाढलेल्या कर्करोगात केवळ रेडिएशन घेतलेल्या रुग्णांपैकी २७ टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर जोडीला उष्णता दिलेल्यांपैकी ५१ टक्के. परंतु या पद्धतीत रोज उष्णता देत नाहीत. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कारण एकदा तापवलेल्या पेशीत हीट शॉक प्रथिने साचतात आणि पुढचे दोन-तीन दिवस ती पेशी उष्णतेला दाद देत नाही. ज्या प्रथिनांवर भाच्याची भिस्त आहे, तीच इथे उपचाराच्या आड येतात.

प्रश्न : कर्करोग आहे की नाही हे रक्तातील हीट शॉक प्रोटीन मोजून कळते का? आणि ते वाढवणारी पावडर घ्यावी का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : ताप, जंतुसंसर्ग, जोराचा व्यायाम, हृदयविकार अशा अनेक कारणांनी रक्तातील हे प्रमाण हलते, त्यामुळे एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. पावडर घेऊ नये. वर लिहिल्याप्रमाणे ही प्रथिने पेशीत वाढणे कुणाच्या फायद्याचे, हे आधी ठरवावे लागेल.

प्रश्न : सर, मी एम.एस्सी.ला आहे. सेमिनारसाठी हीट शॉक प्रोटीन आणि ट्यूमर इम्युनिटी हा विषय घेतला आहे. एका ठिकाणी वाचले की ही प्रथिने टी पेशींना चेतवतात, दुसऱ्या ठिकाणी वाचले की ती प्रतिकारशक्ती दडपतात. दोन्ही खरे कसे असेल? आणि यांची लस निघाली होती, तिचे पुढे काय झाले?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सेमिनारची सुरुवात एका कोड्याने कर. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतून डॉक्टरेट घेऊन अमेरिकेत गेलेले प्रमोद श्रीवास्तव आणि लॉइड ओल्ड प्रभृतींनी १९८६ मध्ये उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. रासायनिक द्रव्याने उंदरात गाठ निर्माण करायची, ती वाटून तिच्यातील प्रथिने वेगवेगळी करायची, आणि कोणते प्रथिन टोचल्यावर दुसऱ्या उंदरात तीच गाठ रुजत नाही ते पाहायचे, अशी पद्धत. शोधता शोधता जीपी ९६ हे प्रथिन हाती लागले. एका गाठीतून काढलेले जीपी ९६ त्याच गाठीपासून उंदराचे रक्षण करी, शेजारच्या दुसऱ्या गाठीपासून मात्र नाही. निरोगी ऊतीतून काढलेल्या जीपी ९६ चा काहीच उपयोग होत नसे. साहजिकच वाटले की प्रत्येक गाठीतील जीपी ९६ वेगळे असणार. तपासले तर सगळीकडे तेच! निरोगी पेशीतही तेच, आणि ते तर हीट शॉक प्रथिनांच्या कुळातले निघाले. मग ओळख कशाची पटत होती?

उत्तर प्रथिनात नव्हते, त्याने हाताशी धरलेल्या तुकड्यांत होते. पेशीत प्रथिने सतत मोडली जातात आणि त्यांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, या प्रथिनांना चिकटून राहतात. गाठीतील बिघडलेल्या जनुकांचे तुकडेही त्यात असतात, आणि ते प्रत्येक गाठीचे निराळे असतात. १९९३ मध्ये एचएसपी ७० वर नेमका हाच प्रयोग झाला : एटीपी (पेशीचे इंधन) घालून त्याच्या हातातील पेप्टाइड सोडवून घेतले आणि उरलेले रिकामे प्रथिन टोचले, तर संरक्षण नाहीसे झाले. हा प्रयोग फळ्यावर नीट काढून दाखव. संपूर्ण विषय त्यात आहे. माझ्या वर्गात मी यासाठी एका मुलाच्या हातात रुमाल देऊन त्याला दारातून आत-बाहेर करायला लावत असे, आणि मुले रुमालाकडे न पाहता मुलाकडेच पाहत.

पुढची साखळी अशी आहे. पेशी फुटून मेली, म्हणजे नेक्रोसिस झाला, की आतली हीट शॉक प्रथिने आपापल्या पेप्टाइडांसह बाहेर सांडतात. पेशी शिस्तीत आवरून मेली, म्हणजे अपॉप्टोसिस झाला, तर सहसा सांडत नाहीत. सांडलेली प्रथिने डेंड्रायटिक पेशींवरील (शत्रूचे नमुने टी पेशींना दाखवणाऱ्या पेशींवरील) सीडी ९१ या ग्राहीला, म्हणजे माल पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात (ही ओळख २००० साली पटली), आत ओढली जातात, त्यांच्या हातचे पेप्टाइड एमएचसी वर्ग १ या, पटलावर तुकडे मांडणाऱ्या, रेणूवर चढवले जाते आणि सीडी ८ टी पेशींना (बिघडलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवले जाते. बाहेरून आलेला माल वर्ग १ वर चढवण्याच्या या आडवळणाला क्रॉस-प्रेझेंटेशन म्हणतात, हे तुला ठाऊक असेलच. सुट्या पेप्टाइडपेक्षा हीट शॉक प्रथिनाने धरून आणलेले पेप्टाइड कितीतरी कमी मात्रेत हे काम करते. याशिवाय गाठीच्या पेशींच्या बाह्य पटलावर एचएसपी ७० येऊन बसते, निरोगी पेशींवर ते सहसा नसते, आणि नैसर्गिक मारक पेशी त्याचा माग काढू शकतात. जर्मनीत गाब्रिएले मुल्टहोफ यांच्या गटाने या धाग्यावर बरीच वर्षे काम केले आहे.

त्याच घराण्याला जवळचे कॅलरेटिक्युलिन विसरू नकोस. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे (रुग्ण ज्याला ‘लाल सलाइन’ म्हणतात ते) दिल्यावर मरू घातलेली पेशी कॅलरेटिक्युलिन आतून काढून पटलावर मांडते आणि भक्षक पेशी तिला गिळतात. हे २००७ मध्ये दाखवले गेले. केमोथेरपी म्हणजे केवळ विष, हा समज तेव्हापासून बदलू लागला.

आता दडपण्याची बाजू. जिवंत गाठ एचएसपी ७० नुसते सांडत नाही. एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पुड्यांवर चढवून ते पाठवते. २०१० मधील एका अभ्यासात असे दिसले की या पुड्या मज्जाजन्य दमनकारी पेशींना टीएलआर २ या ग्राहीमार्फत जागे करतात, त्यांच्यात स्टॅट ३ हा जनुके चालू करणारा रेणू सुरू होतो आणि त्या टी पेशींचे हात बांधतात. मात्रेचाही प्रश्न आहे. उंदरांत जीपी ९६ थोडे दिले तर संरक्षण, बरेच जास्त दिले तर उलट दमन, असे १९९९ मध्ये नोंदवले गेले. म्हणजे तुझ्या दोन्ही वाचनांत चूक नाही. प्रथिन कुठे आहे, पेशीच्या आत की बाहेर, बाहेर असेल तर सुटे की पुडीवर, हातात काय आहे, किती आहे, आणि ते कोणत्या पेशीला भेटले, यांवर निकाल ठरतो. ‘एचएसपी ७० प्रतिकारशक्ती वाढवते’ असे मोघम वाक्य स्लाइडवर लिहिलेस, तर परीक्षक तिथेच अडवतील, आणि अडवायलाच हवे.

एक सावधगिरी मी मुद्दाम सांगतो. सुरुवातीच्या काही निबंधांत, एकटे एचएसपी ७० भक्षक पेशींना टीएलआर ४ मार्फत पेटवते, असे म्हटले होते. ते प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवलेले होते आणि जिवाणूच्या भिंतीतील लिपोपॉलिसॅकराइड त्यात उरलेले होते. ते स्वतःच टीएलआर ४ ला पेटवते. २००३ च्या आसपास शुद्ध नमुने वापरले तेव्हा परिणामाचा मोठा भाग गळून पडला. त्यामुळे जुना निबंध वाचताना आधी ‘पद्धती’ हा भाग उघडून प्रथिन कुठून आणले ते पाहावे. पेप्टाइड वाहून नेण्याचे काम या चाळणीतून टिकले.

लसीचे असे झाले. रुग्णाचीच गाठ शस्त्रक्रियेत काढून गोठवायची, प्रयोगशाळेत पाठवायची, तिच्यातून जीपी ९६ पेप्टाइडांसकट वेगळे करायचे आणि त्याच रुग्णाला टोचायचे. तिचे नाव व्हायटेस्पेन. कल्पना इतकी देखणी होती की तिच्या प्रेमात पडणे सोपे होते. मीही पडलो होतो. मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला. शस्त्रक्रियेनंतर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांत, रोग परतण्याच्या बाबतीत एकंदरीत फरक दिसला नाही. मेलानोमा या कातडीच्या कर्करोगातही मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही. कमी पसरलेल्या रोगाच्या काही उपगटांत लाभाची चिन्हे होती आणि त्याच वर्षी रशियाने मूत्रपिंडाच्या कर्करोगातील अशा एका गटासाठी मान्यता दिली. अन्यत्र ती रूढ झाली नाही. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्याची गाठ लहान, त्याच्यासाठी पुरेशी लस बनत नाही. गाठीतून निघालेल्या पेप्टाइडांत बहुतेक निरोगी प्रथिनांचीच असतात, बिघडलेली थोडी. आणि टी पेशी शिकून तयार झाल्या, तरी गाठीच्या दारात त्यांना थोपवणारे पीडी-१ सारखे अडसर त्या काळी काढता येत नव्हते. ते अडसर काढण्याच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. आता हीट शॉक प्रथिनांचा विचार या औषधांच्या जोडीने होतो, एकट्याने नाही. सेमिनारचा शेवट तू इथे करू शकतेस.

प्रश्न : आमचे गुऱ्हाळ आहे. वडील चाळीस वर्षे गुळव्या म्हणून काहिलीपुढे उभे राहिले. त्यांना कधी मोठा आजार नाही. तंबाखूची सवय आहे तेवढीच. एवढी वर्षे झळ सोसल्याने अंगात ही प्रथिने जास्त असतील आणि त्यामुळे कर्करोगापासून बचाव होत असेल का? का उलट धोका आहे?
– एक शेतकरी, करवीर तालुका

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला लहानपणीचे गुऱ्हाळ आठवले. रस आटत आला की काहिलीत पिवळे बुडबुडे फुटू लागतात, गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो आणि मग एकदम हाका सुरू होतात, काहील उतरवायची घाई होते. तो पाक त्या वेळी ११५ अंशांच्या पुढे असतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या माणसाच्या अंगातले तापमान मात्र घामाच्या जोरावर ३८-३९ च्या पलीकडे सहसा जात नाही.

अशा कामाची सवय झालेल्या माणसाच्या पेशींत एचएसपी ७० चा साठा वाढतो, हे खरे आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढे काम करणाऱ्यालाही हेच लागू पडते. त्याचा फायदा असा की उन्हाची, झळीची बाधा लवकर होत नाही. कर्करोगापासून बचाव होतो असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही, कारण हा साठा पेशीच्या आत आहे आणि प्रतिकारशक्तीला काही दाखवण्यासाठी तो गाठीतले तुकडे घेऊन बाहेर यावा लागतो. झळीने कर्करोग होतो, असेही म्हणता येत नाही. चिपाडाच्या धुराचा विचार वेगळा. घरात लाकूडफाटा जाळल्याने होणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आहे. चुलवाणाचे धुराडे उंच आणि न चोंदलेले ठेवा, आणि जळण घालणाऱ्याच्या तोंडावर धूर येत असेल तर त्याची जागा बदला.

पत्रात तुम्ही तंबाखूचे ‘तेवढीच’ म्हणून उरकले आहे. मला पत्रातली तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. तंबाखूने तोंडाच्या अस्तरातील पेशींची जनुके बिघडतात. बिघडलेली पेशी मरून गेली तर ठीक. पण तिला तगवायला एचएसपी ७० तत्पर असते. तोंडातील कर्करोगपूर्व चट्ट्यांत आणि गाठींत ते वाढलेले आढळते, यावर भारतीय संशोधकांनीही काम केले आहे. वडील तंबाखूची गोळी कोणत्या गालात धरतात ते विचारा. त्या बाजूला, हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खाचेत, बॅटरीच्या उजेडात नीट पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लालसर चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट अजिबात सहन न होणे किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही असेल तर त्यांना या आठवड्यात दंतवैद्यांकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या मुखरोग विभागात घेऊन जा. चट्टा दुखत नाही म्हणून ते टाळतील. सुरुवातीला तो दुखत नसतोच.